बोटांना मुंग्या, गाडीची ग्रिप आणि बी-१२च्या गोळ्या

स्वारगेट ते हिंजवडी रोज दुचाकीवर जाणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, की पहिली धाव मेडिकलच्या दुकानात असते. बी-१२च्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. माझं मत असं, की आधी गाडीचं हँडल तपासा.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून ९ कंडरा आणि एक नस, मीडियन नर्व्ह, दाटीवाटीने जातात. मनगट वाकवून मूठ घट्ट आवळली की आतला दाब वाढतो आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं. करंगळी बधिर होत असेल तर दोष बहुधा दुसऱ्या नसेचा. तळहाताच्या बुडावर भार टाकून बसणाऱ्यांना हा त्रास होतो.

जुन्या ग्रिपचं रबर कडक आणि गुळगुळीत होतं. हात सरकतो म्हणून तुम्ही नकळत जास्त जोर लावता. तेव्हा ग्रिप जरूर बदला, पण नाना पेठेतल्या दुकानात दाबून बघून सगळ्यात मऊ आणि जाड ती उचलू नका. जाड ग्रिपवर मूठ नीट मिटत नाही, बोटं जास्त थकतात. मूठ मिटल्यावर अंगठ्याचं टोक सहज तर्जनीला टेकलं पाहिजे. छोट्या हातांच्या स्त्रियांनी तर हे पाहावंच. फोमची ग्रिप आपल्या पावसाळ्यात पाणी पिऊन बसते. बारीक खाचांचं, मध्यम मऊ रबर मला बरं वाटतं. वरून चढवायची सैल कव्हरं मात्र नकोतच. ॲक्सिलरेटरवर ती फिरली तर हातपाय मोडण्याची वेळ येईल. नवी ग्रिप बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर सोडून पाहा, तो आपोआप मागे आला पाहिजे.

आणि क्लच? विद्यापीठ चौकात तो किती वेळा दाबता ते एकदा मोजा. सीटवर बसून बोटं लिव्हरवर ठेवा: कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष दिसायला हवी. नसेल तर मेकॅनिक पाच मिनिटांत लिव्हरचा कोन बदलून देतो. केबलला तेलही घालून घ्या. महागड्या ग्रिपपेक्षा याचा उपयोग अनेकदा जास्त होतो.

मला खरी काळजी डिलिव्हरीच्या मुलांची वाटते. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशानुसार हाताला बसणारं कंपन आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्गच्या वर गेलं, की ते कमी करण्याची जबाबदारी मालकावर येते. आपल्याकडे ही मुलं दहा-बारा तास खड्ड्यांतून फिरतात आणि ग्रिपचा खर्चही स्वतःच्या खिशातून करतात. गाडी चालवायला लावणाऱ्या कंपन्यांनी निदान ग्रिप आणि हातमोजे द्यावेत, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकल्यावर बरं वाटतं, हातातून कप सुटतो, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट दिसतो, असं काही असेल तर ग्रिपवर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. साखर आणि थायरॉईड तपासावं लागतं, गरज पडल्यास नसेची तपासणीही. उंचवटा एकदा झिजला की तो पूर्ण भरून येईलच असं नाही.