चाव्यांची नोंदवही

बँकेत एक जुना नियम आहे आणि तो आजही काटेकोरपणे पाळला जातो. तिजोरीची खोली कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या चावीने उघडत नाही. चाव्या दोन, अधिकारी दोन. त्यांपैकी एकास रजेवर जावयाचे झाले, तर तो आपली चावी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करतो, नोंदवहीत तारीख आणि वेळ लिहितो, देणारा व घेणारा दोघेही सह्या करतात आणि मगच रजा सुरू होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी अशा सह्या किती वेळा केल्या असतील याची गणती नाही. आपल्या व्यापारी घरांतून हिशेबाची शिस्त बँकेपेक्षा तसूभरही कमी नसते. परंतु घरचा कर्ता पुरुष चार दिवस खरेदीसाठी परगावी निघतो, तेव्हा तो चावी कोणाच्या हाती देऊन जातो, हा प्रश्न मी अनेक घरांत विचारून पाहिला आहे. बहुतेक ठिकाणी उत्तरादाखल केवळ स्मित मिळते.

हे सर्व आज लिहिण्याचे निमित्त म्हणजे माझ्या भाचीची घरखर्चाची वही. भाची सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कापडाच्या व्यापारी घराण्यात दिली आहे. दोन मुले, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. दुकानाचे जीएसटीचे सारे काम तीच पाहते, कारण तीही वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. गेल्या महिन्यात तिच्या घरी गेलो असता तिने ती वही माझ्यापुढे ठेवली व म्हणाली, "मामा, जूनचा दुसरा आठवडा तेवढा वाचा." मी वाचला. वाचकहो, ताळेबंद वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाही असा आठवडा क्वचितच वाचावयास मिळतो. तिच्या संमतीने त्यातील काही भाग येथे मांडीत आहे.

सोमवारची नोंद गच्चीची आहे. स्वयंपाकघराच्या छतावर दोन पावसाळे ओल येत होती. गवंड्याचे म्हणणे असे, की संपूर्ण गच्चीवर नवा ब्रिकबॅट कोबा घालावा. खर्च पंचेचाळीस हजार, आणि मृग लागलेला असल्याने काम त्याच दिवशी सुरू करावे. सासू-सासरे मोठ्या मुलीकडे अहमदाबादला गेलेले, यजमान गुरुवारी सुरतेस निघणार म्हणून दुकानात गुंतलेले. निर्णय भाचीनेच घेतला. तिने गवंड्यास सांगितले, की आधी पाणी तोंडून पाहू या. गच्चीच्या पाण्याची वाट वाळूच्या पिशवीने बंद केली, दोन इंच पाणी साठविले आणि ते तसेच ठेवले. गवंडी नाराज झाला. परंतु ही परीक्षा बांधकामशास्त्रात सर्वमान्य आहे आणि तिच्यासाठी वाळूच्या एका पिशवीपलीकडे काही लागत नाही.

बुधवारी सकाळी छतावरील डाग काळा झाला, तो नेमका पाइप जेथून छतातून खाली उतरतो तेथे. गच्चीचा पृष्ठभाग निर्दोष होता. पाइपभोवतीचा सांधा सुटला होता. गच्च्या गळतात त्या पुष्कळदा अशाच सांध्यांतून, कठड्याच्या कोपऱ्यांतून किंवा पाइपांच्या बाजूने. सांधा फोडून पुन्हा भरण्यास साहित्य आणि मजुरीसह अठराशे रुपये लागले. वहीत या नोंदीपुढे कोणताही उद्गार नाही. "गच्ची, पाइपचा सांधा, १,८००." वाचलेल्या त्रेचाळीस हजार दोनशे रुपयांची नोंद कोठेही नाही, जो खर्च झालाच नाही, त्याला जमाखर्चात रकाना नसतो. मला वाटते, आपल्या घरांतील गृहिणींची निम्मी कमाई या अदृश्य रकान्यात आहे.

गुरुवार, ११ जून. यजमान पहाटेच्या गाडीने गेले. सकाळी रंगारी आला. स्वयंपाकघराची भिंत ओली असताना तेथे रंग लावू देणार नाही, असे तिने त्यास बजाविले, तेव्हा त्याने बोळातील भिंत घासावयास घेतली आणि दुपारी जेवावयास जाताना आपली घोडी बोळातच उघडी ठेवून गेला. आठ वर्षांचे मूल आणि उघडी घोडी एका छपराखाली असल्यावर पुढे काय घडते, ते सांगावयास नको. चिरंजीव चौथ्या पायरीवरून डाव्या हातावर पडले.

येथे मला भाचीचे कौतुक करावेसे वाटते. ती ओरडली नाही, हात चोळला नाही, ओढून सरळ करण्याचा यत्न केला नाही. मनगटातील कडे सूज येण्यापूर्वीच काढले, याच मासिकाचा एक जुना अंक घडी करून हाताखाली आधारास दिला, ओढणीने बांधला व हात गळ्यात अडकविला. मुलाने पाणी मागितले, ते मात्र दिले नाही. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे हवे, हे तिला ठाऊक होते. लहान मुलांची हाडे ओल्या फांदीसारखी असतात, पुष्कळदा ती एका बाजूने पिचतात व दुसऱ्या बाजूने वाकतात. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहून सांगितले, की भूल देऊन हाड बसवावे लागेल. अनामत वीस हजार रुपये.

आणि येथून वहीतील अक्षर बदलते.

आरोग्यविम्याची पॉलिसी होती. संपूर्ण कुटुंबाची, हप्ते वेळेवर भरलेली. परंतु पॉलिसीचा क्रमांक यजमानांच्या फोनमध्ये आणि त्यांचा फोन प्रवासात बंद पडलेला. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये असा आदेश दिला आहे, की रोकडविरहित उपचाराच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावा. आदेश उत्तम आहे. पण तो तास सुरू होण्यासाठी विनंती जावी लागते आणि विनंतीसाठी क्रमांक लागतो. बँकेतील बचत खाते यजमानांच्या एकट्याच्या नावे. तिचे नाव त्यावर वारस म्हणून नोंदलेले. तिच्या स्वतःच्या खात्यात सहा हजार रुपये.

तिने दुकानात फोन केला. मुनीमजी तीस वर्षांपासूनचे, सचोटीचे. गल्ल्यात रक्कम होती. ते म्हणाले, "वहिनी, शेठना एक शब्द विचारू द्या." शेठ फोनवर मिळत नव्हते. अनेक वाचक येथे मुनीमजींवर रागावतील. मी रागावणार नाही. मी शाखाधिकारी असतो आणि माझ्या रोखपालाने लेखी अधिकाराशिवाय वीस हजार रुपये कोणाच्या तोंडी सांगण्यावरून दिले असते, तर मी त्याच्याकडून खुलासा मागितला असता. दोष असेल तर तो हा, की जिच्या हातून दरमहा दुकानाचे विवरणपत्र तयार होते, तिला त्या दुकानाच्या गल्ल्यातून पाच रुपये उचलण्याचाही अधिकार कोणी कधी दिला नव्हता. नाकारला होता असेही नाही. तो विषयच निघाला नव्हता.

अखेर शेजारच्या किराणा दुकानदारांनी गल्ल्यातील नोटांची थप्पी न मोजता तिच्या हाती ठेवली. त्यांनी नंतर सांगितले, की मोजण्यात वेळ गेला असता. थप्पी बावीस हजार चारशेची निघाली, ही नोंद मात्र वहीत रुपयासहित आहे.

सायंकाळी सहाच्या सुमारास हाड बसविले. मुलगा पूर्ण शुद्धीवर आला तेव्हा सूर्यास्त होऊन गेला होता. त्याने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिने त्यास दूध दिले. "रात्री ९, दूध १ पेला," अशी ओळ आहे, हिशेबाच्या वहीत, रक्कम न लिहिता. ज्यांना त्यावर काही म्हणावयाचे असेल, त्यांनी त्या रात्री तेथे असावयास हवे होते.

अकरा तारखेचे महत्त्व व्यापारी वाचकांना सांगावयास नको. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला मागील महिन्याच्या विक्रीचा जीएसटीआर-१ त्याच दिवशी द्यावा लागतो. उशीर झाल्यास विलंबशुल्क तर आहेच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की खेड्यापाड्यांतील जे दुकानदार आपल्याकडून ठोक माल नेतात, त्यांचे कराचे क्रेडिट महिनाभर लांबते आणि आपले नाव खराब होते. विवरणपत्र तिने बुधवारीच तयार ठेवले होते. परंतु ते दाखल करण्याचा ओटीपी यजमानांच्या फोनवर जातो. तो फोन सुरतेच्या मुक्कामी रात्री अकरा वाजता सुरू झाला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "रिटर्न गेले का?" त्यांना कशाचीच कल्पना नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तिने आधी मुलाचा हात सांगितला, मग ओटीपी विचारला. रुग्णालयाच्या बाकावर फोनच्या पडद्यावरून अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी विवरणपत्र दाखल झाले.

शुक्रवारचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. पहाटे वादळी पाऊस आला, नव्या सांध्यावर घातलेली ताडपत्री उडाली, ओले सिमेंट धुपून पाणी वर्षाच्या गव्हाच्या पोत्यांपर्यंत आले. आई रुग्णालयात, मुलगी घरी, सोबतीस शेजारच्या आजी. तेरा वर्षांच्या मुलीने तीन पोती एकटीने फरफटत ओसरीवर आणली, एक भिजले होते ते चादरीवर पसरले आणि मगच आईला फोन केला. सांधा पुन्हा भरावा लागला. शनिवारी यजमान खरेदी अर्धी टाकून परतले. रविवारी शाळेच्या पुस्तकांना कव्हरे घातली गेली, कारण सोमवारी शाळा उघडणार होती आणि शाळेला हात मोडल्याचे सोयरसुतक नसते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले, की विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसातील २८९ मिनिटे त्यात जातात व असे काम करणाऱ्या पुरुषाची ८८. हे आकडे मी यजमानांना ऐकविले. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी वाद घातला नाही. पण भाचीची तक्रार मिनिटांविषयी नव्हती. ती म्हणाली, "मामा, काम मी करीनच. पण सही करण्याची वेळ आली की मी या घरात पाहुणी असते."

त्यानंतर आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. जे ठरले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो. वारसनोंद आणि संयुक्त खाते यांत पुष्कळ सुशिक्षित माणसेही गल्लत करतात. वारस म्हणून नोंदलेल्या व्यक्तीला खातेदार हयात असेतोवर त्या खात्यातील एक रुपयाही काढता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, ही सोय चांगली आहे. परंतु गुरुवारी दुपारी रुग्णालयाच्या खिडकीपाशी चार वारस असते तरी उपयोग शून्य होता. तेथे हवे असते ते दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असे संयुक्त खाते, आणि तिच्या नावाचे स्वतंत्र कार्ड, तिच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले. नवऱ्याच्या कार्डाचा पिन बायकोला सांगून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बँक तो मान्य करीत नाही आणि माणूस म्हणूनही त्यात उसनेपणा आहे. जीएसटीच्या नोंदणीत मालकाखेरीज इतर अधिकृत स्वाक्षरीकर्ते जोडता येतात, तसे तिचे नाव जोडण्यासाठी अर्ज केला. विम्याच्या पॉलिसीच्या प्रती तीन काढल्या: एक कपाटात, एक स्वयंपाकघराच्या फडताळात, एक मुलीच्या दप्तरात. शेवटची सूचना मुलीचीच होती.

मुनीमजींसाठी यजमानांनी आपल्या हाताने चिठ्ठी लिहिली: वहिनींच्या सहीवर पंचवीस हजारांपर्यंत रक्कम द्यावी, कारण विचारू नये. मुनीमजींनी ती चिठ्ठी घडी घालून गल्ल्याच्या तळाशी ठेवली आणि म्हणाले, "शेठ, त्या दिवशी ही असती तर मला रात्री झोप लागली असती."

आणखी एक गोष्ट मी सुचविली, ती अद्याप मान्य झालेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार संवेदनशील पदावरील कर्मचाऱ्यास वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीची रजा घ्यावी लागते, तीही अचानक. त्याच्या गैरहजेरीत काम कसे चालते आणि कशावर कोणाची नजर नव्हती, हे त्या दिवसांत उघड होते. भाचीने वर्षातून दहा दिवस माझ्याकडे पुण्यास यावे, पूर्वसूचना न देता, असे मी म्हणालो. यजमान हसले. भाची हसली नाही. तिने दिनदर्शिका काढून पाहिली.

मुलाचे प्लास्टर चार आठवड्यांनी निघाले. विम्याच्या दाव्यासाठी मूळ बिले, क्ष-किरण चित्रे व रुग्णालयाचा सारांश पाठविला आहे. रंगारी दोनदा विचारून गेला. भिंत पुरती वाळल्याशिवाय त्याला बोलवावयाचे नाही, आणि बोलावले तर जेवणाच्या सुट्टीत घोडी मिटवून अंगणात ठेवावयाची, अशी अट तिने त्याच्याकडून कबूल करून घेतली आहे. ती वहीत लिहिली असून खाली रंगाऱ्याची सही आहे.