खोकल्याचा मस्टर

माझा बाप गोदीत गोण्या उचलायचा. मीही गोदीतच. फरक एवढाच, माझा माल बंद कंटेनरमधून येतो. त्याचा गोणीतून यायचा. हूक मारला की गोणी फाटायची आणि ॲस्बेस्टॉसची धूळ जहाजाच्या पोटात पिठासारखी उडायची. तोंडाला फडकं, बस्स.

आता बाप एक जिना चढत नाही. दवाखान्यानं लिहिलं: जुना टीबी, बिडीचं व्यसन. थुंकीत जंतू कधी सापडला नाही, तरी गोळ्या चालूच. शंभर प्रश्न विचारले, एक सोडून: काम काय करत होतास?

भरपाई मागायला गेलो तर साहेब म्हणाला, पुरावा आणा. कुठला माल, कुठलं साल, मालक कोण? बाप बदलीवर होता. मस्टर मुकादमाकडे. मुकादम मेला, मस्टर गेला.

दोस्तांनो, ही चाल ओळखा. ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात शिरून वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं गप बसतो. तोवर मालक बदलतो, कागद जळतात. 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीत ॲस्बेस्टोसिसचं नाव होतं. 1995 साली सुप्रीम कोर्टानं ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना बजावलं: कामगाराच्या तब्येतीची नोंद 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, जे उशिरा संपेल तोवर ठेवा. म्हणजे रोग उशिरा बोलतो हे कोर्टालाही ठाऊक होतं. पण ज्याचं नावच कुठं नाही त्या हमालाची नोंद कोण ठेवणार? धुळीचं काम वाटताना जात बरोबर विचारतात. रोग झाल्यावर काम विचारत नाहीत.

आणि आई? तिनं रोज बापाचे कपडे झटकून धुतले. अशा कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीनं बायका मेल्यात, हे डॉक्टरांनीच नोंदवलंय. तिचा मस्टर कुणाकडे मागायचा?

तेव्हा मस्टर आपणच लिहायचा. श्वास आहे तोवर बापाला समोर बसवा. कुठला धक्का, कुठला माल, कुठली टोळी, किती वर्षं, सगळं वहीत घ्या. सोबतच्या दोघांच्या सह्या-अंगठे घ्या. एक्स-रेची मूळ फिल्म कुठल्याही साहेबाच्या हाती सोडू नका. केसपेपरवर नुसतं 'मजूर' चालवून घेऊ नका. 'ॲस्बेस्टॉस उतरवत होता' असं लिहायला लावा.

मी कवी म्हणवतो. या महिन्यात एकही कविता लिहिली नाही. बापाची वही लिहिली. अकरा पानं झालीत. तो खोकतो तेव्हा पेन थांबतं, मग पुन्हा चालू.

तुमची वही कधी सुरू करताय?