विश्लेषण : कोकणातल्या उन्हापावसात फोनची बॅटरी कशी जपायची?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा तडाखा दापोली, मंडणगडलाही बसला. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. माडीवर अडकलेल्या माणसांना नेटवर्क मिळाले तरी फोनमध्ये किती टक्के चार्ज उरला आहे, हा प्रश्न होताच. अशा जिल्ह्यात बॅटरीची निगा राखणे हा केवळ पैसे वाचवण्याचा विषय राहत नाही. तरीही याबाबत आपण बहुतेकदा ऐकीव सल्ल्यांवरच चालतो. त्यातले खरे किती?

बॅटरी म्हातारी का होते?

आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली आणि तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. फोन चार्ज होताना लिथियमचे आयन एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरताना ते परत फिरतात. या प्रत्येक फेरीत थोडे लिथियम कायमचे अडकून पडते आणि बॅटरीची क्षमता कमी होत जाते. साधारण ५०० ते १००० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरणे, हे बहुतेक कंपन्यांचे गणित असते. एक फेरी म्हणजे एकदा चार्जर लावणे नव्हे. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरले, तर दोन दिवसांची मिळून एक फेरी होते.

सर्वात जास्त नुकसान कशाने होते?

उष्णतेने. बॅटरी गरम असली की आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. ॲपल आपल्या फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे तापमान सुचवते. रत्नागिरीत मे महिन्यात सावलीतही पारा या मर्यादेच्या जवळ जातो, मग उन्हाची गोष्टच वेगळी. आंबा काढणीच्या दिवसांत बागेत पेट्यांवर उन्हात ठेवलेला फोन, मुंबई-गोवा महामार्गावर डॅशबोर्डवर नकाशा दाखवत त्याच वेळी चार्ज होणारा फोन, दुचाकीच्या हँडलला अडकवलेला फोन, बंद गाडीत विसरलेला फोन, या साऱ्यांच्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

उपाय साधे आहेत. फोन सावलीत ठेवा. चार्जिंगच्या वेळी तो तापत असेल तर जाड कव्हर काढा. चार्जिंग सुरू असताना गेम खेळणे, लांबलचक व्हिडिओ कॉल करणे टाळा. तापलेला फोन थंड करायला फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. आत दव धरते आणि एकाऐवजी दुसरेच दुखणे मागे लागते. पंख्याखाली दहा मिनिटे पुरतात.

शंभर टक्के चार्ज करावा की नाही?

‘पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नका’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम बॅटरीला तो लागू नाही, उलट वारंवार शून्यावर आणणे तिला सोसत नाही. पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहणे, त्यातही गरम जागी, हेही तिला मानवत नाही. म्हणून रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहिलेले बरे. अनेक नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्येच असते, ती सुरू करावी.

पण हा नियम रोजचा झाला. हवामान खात्याने रेड किंवा ऑरेंज अलर्ट दिला असेल, बाहेर वारे सुटले असेल, तर टक्क्यांचा विचार सोडून फोन आणि पॉवर बँक दोन्ही आदल्या संध्याकाळीच शंभर टक्के भरून ठेवा. दोनचार दिवस शंभर टक्के ठेवल्याने बॅटरीचे होणारे नुकसान नगण्य आहे. वीज गेल्यावर पडद्याचा उजेड कमी करा, लो पॉवर मोड लावा. रेंज अजिबात नसेल तर फ्लाइट मोड ठेवून ठरावीक वेळाने तपासा, कारण टॉवर शोधत राहण्यात फोन बराच चार्ज खातो. मात्र गावात इशाऱ्याचे फोन येण्याची शक्यता असेल तर फ्लाइट मोड नको.

फोन भिजला तर तांदळात ठेवावा का?

नको. तांदळाचे बारीक कण आणि भुकटी चार्जिंगच्या खाचेत अडकते. ॲपलनेही आपल्या ग्राहकांना असे करू नका, असे सांगितले आहे. फोन बंद करा, बाहेरून पुसा, खाच खाली येईल असा धरून हलकेच आपटा आणि वाऱ्यावर ठेवा. ओल पूर्ण जाईपर्यंत, गरज पडली तर पूर्ण दिवस, चार्जर लावू नका. ओल्या खाचेत विजेचा प्रवाह गेला की पिना गंजतात.

मिरकरवाड्यासारख्या बंदरात, होडीवर फोन वापरणाऱ्यांनी आणखी जपायला हवे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अधिक घातक, कारण पाणी सुकले तरी मीठ मागे राहते. खाऱ्या पाण्यात पडलेला फोन स्वतः चार्ज करून पाहण्याऐवजी आधी दुरुस्तीला न्यावा.

चार्जर कोणता आणि लावावा कुठे?

मोबाइलच्या बॅटऱ्या, चार्जर आणि पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर मानकचिन्हाबरोबर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक टाकून खरा आहे का ते पाहता येते. फूटपाथवरच्या शंभर रुपयांच्या चार्जरवर तो सापडला नाही, तर वाचलेले पैसे महागात पडू शकतात.

चार्जिंग करताना फोन उशीखाली, गादीवर, कपड्यांच्या ढिगावर ठेवू नका. उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी. टेबल किंवा फरशी उत्तम. विजा कडाडत असतील तेव्हा, आणि गेलेली वीज परत येताना दाब वरखाली होत असेल तेव्हाही, चार्जर प्लगमधून काढलेला बरा.

बॅटरी फुगली तर?

फोनची पाठ वर आली, पडदा कडेने सुटू लागला, तर आत वायू साठला आहे असे समजा. तो फोन त्याच क्षणी बंद करा. चार्ज करू नका, दाबू नका, टाचणी तर मुळीच टोचू नका. फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि अधिकृत सेवा केंद्रात न्या. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हे नवेकोरे मॉडेल जगभरातून परत बोलवावे लागले, ते बॅटरीतील दोषांमुळे. एवढ्या मोठ्या कंपनीला जे टाळता आले नाही, ते घरी सुरीने उघडून दुरुस्त होणारे नाही.

धूर येऊ लागला तर फोन हातात घेऊ नका, धूर विषारी असतो. शक्य असेल तर मेन स्विच बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा. वीज तोडल्याची खात्री असेल तरच दुरून भरपूर पाणी ओता, त्याने बॅटरी थंड होते. आग पसरत असेल तर थांबू नका, बाहेर पडून ११२ वर कळवा.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची का?

ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची जबाबदारी ग्राहकावर. पण ग्राहकाने ती बॅटरी द्यायची कुठे, हे त्याच्या बाजारपेठेत ठळक लिहिलेले दिसले तरच हा नियम गावात पोहोचला असे म्हणता येईल. नाही तर फुगलेली बॅटरी घंटागाडीत जाते आणि दाबली गेली की तिथेच पेटू शकते. तो धोका सफाई कामगाराच्या वाट्याला येतो.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक नगर परिषदेने आणि मोठ्या ग्रामपंचायतीने किमान एक संकलन केंद्र जाहीर करावे, आणि पावसाळ्याआधीच्या आपत्ती बैठकीत गावागावांत सौर चार्जिंगची सोय हाही एक विषय ठेवावा. फोन सावलीत ठेवणे आपल्या हातात आहे. खांब पडल्यावर तो कुठे चार्ज करायचा, याचे उत्तर प्रशासनाने पावसाच्या आधी द्यायला हवे.