उनकेश्वरच्या कुंडावर तपासणीचं टेबल हवं

आदिलाबादला थंडी पडली की घरोघरी उनकेश्वरचा विषय निघतो. पावसाळ्यात आमच्याकडची पोरंटोरं कुंटाल्याचा धबधबा नाहीतर पैनगंगेवरचं सहस्रकुंड बघायला धावतात. हिवाळ्यात मोठी माणसं उनकेश्वरच्या ऊन पाण्याकडे निघतात, आणि त्यांतली बरीचशी काही ना काही दुखणं अंगावर घेऊन निघतात. कुणाला नायटा, कुणाला खरूज, कुणाचे गुडघे धरलेले, कुणाच्या पाठीवर न जाणारा डाग.

कुंड आहे नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात. पण हा तालुका १९५६पर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली, कागदावर सीमा आली आणि देव तेवढा पलीकडे गेला. बेला, जैनथ, तलमडगूकडच्या मराठी घरांना, गोंड आणि कोलाम पाड्यांना त्यानं काही फरक पडला नाही. उनकेश्वर त्यांना आजही आपलंच वाटतं.

तिथली कथा सगळ्यांना पाठ आहे. शरभंग ऋषींच्या अंगावर असाध्य त्वचारोग होता. वनवासात राम आला, त्यानं जमिनीत बाण मारला, ऊन पाणी उसळलं आणि त्या पाण्यानं ऋषींची काया निर्मळ झाली. जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळ उनपदेव आहे, तिथंही हीच कथा सांगतात, ऋषीही तेच. सातपुडा कुठे नि पैनगंगेचं खोरं कुठे! पण दोन्ही ठिकाणी लोकांनी ऊन पाण्याचा संबंध कातडीच्या रोगाशीच जोडला. पिढ्यान्‌पिढ्या इथं कोण येत होतं, हे यावरून कळतं. गावानं वेशीबाहेर ठेवलेला माणूस इथं कुंडाशी येऊन बसू शकत होता. या जागेचं हे मोठेपण मी मनापासून मानतो.

माझी सगळी नोकरी आरोग्य खात्यात गावोगाव हिंडून लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासण्यात गेली. तपासणी अगदी साधी असते. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, कापसाचा पिळा किंवा बॉलपेनचं टोक चट्ट्यावर हलकेच टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. पांढरा डाग आहे पण स्पर्श नीट कळतो, तर ते बहुधा कोड किंवा दुसरं काही. फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथं काहीच कळत नाही, तर कुष्ठरोगाचा संशय घ्यायचा. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपायची, जाड झालीय का बघायचं. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च काहीच नाही.

अशा तपासण्यांत कितीदा तरी एकच उत्तर ऐकलं, ‘उनकेश्वरला जाऊन आलो होतो, वाटलं कमी होईल.’ बेल्याकडचा एक कापूस पिकवणारा शेतकरी मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. कुंडातलं पाणी त्यानं कॅनमध्ये भरून घरी आणलं होतं. ते गार झालं म्हणून बायकोनं चुलीवर तापवून दिलं आणि तो पाय बुडवून बसला. पाय बधिर झालेले, पाणी किती कढत आहे हे त्याला समजलंच नाही. दोन्ही तळव्यांना फोड आले, फोडांच्या जखमा झाल्या आणि एका पायाची दोन बोटं गेली. त्याची बायको मला म्हणाली, ‘साहेब, मीच तापवून दिलं हो.’ तिला काय सांगावं मला सुचेना. तिनं केलं ते मायेनं केलं होतं. कुष्ठरोगात बधिर झालेले पाय रोज भिजवायचेच असतात, पण साध्या गार पाण्यात, वीसेक मिनिटं. मग जाड कातडी हळूच घासायची आणि ओलसर पायांना तेल लावायचं. एवढं तिला आधी कुणी सांगितलं असतं तर!

ऊन पाण्यात काहीच गुण नाही असं मी म्हणत नाही. उबेनं आखडलेले सांधे मोकळे होतात. गंधक तर खरजेवरचं जुनं औषध. पण ते मलमात शंभरात पाच ते दहा भाग घालतात, झऱ्याच्या पाण्यात त्याचा अंश असतो. आणि कुष्ठरोगाचा जंतू चामडीच्या आत, नसांत दडलेला असतो. तिथवर आंघोळीचं पाणी पोचत नाही, गोळी पोचते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलेली बहुविध औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर घेतली की रोग बरा होतो आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण व्हायची थांबते. वाकडी झालेली बोटं आणि गेलेली संवेदना मात्र गोळ्यांनी क्वचितच परत येते. म्हणून सगळा खेळ लवकर सापडण्याचा आहे, आणि ‘एक हिवाळा उनकेश्वर करून बघू’ म्हणताना तोच वेळ हातचा जातो.

बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तेव्हा घराबाहेर काढलेल्या रुग्णाला जागा देणं हे मोठं काम होतं. आज तो घराबाहेर पडण्याआधीच सापडायला हवा. आम्ही त्याला शोधत दारोदार फिरतो. मी फिरलो आहे. माणसं शर्ट काढायला लाजतात, बाया तर समोर येत नाहीत. उनकेश्वरला तोच माणूस आपण होऊन येतो, स्वतःच्या पैशानं येतो, अंगावरचा डाग बरा व्हावा म्हणूनच येतो. तिथं त्याची पाच मिनिटं तपासणी करायला कुणी बसलेलं नसावं, ही मला अक्षम्य चूक वाटते.

मागणी साधी आहे. हिवाळाभर कुंडाजवळ एक टेबल, एक आडोसा, एक पुरुष आणि एक महिला कर्मचारी असावेत. फलक मराठी, तेलुगू आणि गोंडीत लावावेत: चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर पाण्यात उतरण्याआधी इथं या. सीमेपलीकडचा रुग्ण सापडला तर त्याचं नाव त्याच दिवशी त्याच्या गावच्या आशा कार्यकर्तीला फोनवर कळावं, म्हणजे नांदेड आणि आदिलाबादच्या मधोमध तो हरवणार नाही. पुजाऱ्यांनीही आलेल्या माणसाला त्या टेबलाकडे बोट दाखवावं. त्यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा जास्त ऐकला जातो.

३० जानेवारी, गांधीजींची पुण्यतिथी, हा आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन. ऐन थंडीचा, कुंडावर माणसं येण्याचा काळ. दोन्ही जिल्ह्यांच्या कुष्ठरोग विभागांना माझी हात जोडून विनंती आहे, येत्या ३० जानेवारीला पहिलं टेबल उनकेश्वरला मांडा. बसायला माणूस कमी पडला तर मी येतो.