वाण्याची वही आणि पॉइंटांचें कार्ड

दुकानांत पैसे चुकते करूं लागलें कीं गल्ल्यावरचा मुलगा हल्लीं पैशांआधीं मोबाईलचा नंबर विचारतो. नंबर सांगितला म्हणजे खरेदीच्या प्रमाणांत ‘पॉइंट’ जमा होतात, व पुढें केव्हां तरी त्यांची सूट मिळते. मोठ्या साखळी-दुकानांची ही रीत आतां सिडकोनें वसविलेल्या नव्या मुंबईच्या सेक्टरांतील लहान वाणीही उचलूं लागले आहेत. कोणी दहा चौकोनांचें कार्ड देऊन दर खरेदीस एकावर शिक्का मारतो, कोणी मोबाईलवरच हिशेब ठेवतो. ह्या बक्षिसाचे पैसे कोणाच्या खिशांतून येतात, हें मात्र कार्डावर छापलेलें नसतें.

समजा, शंभर रुपयांच्या विक्रीवर वाण्यास दहा रुपये सुटतात. त्यानें शेंकडा दोन सूट दिली कीं त्याची प्राप्ति एकपंचमांशानें घटली. ती भरून काढण्यास विक्री शेंकडा पंचवीस वाढावयास हवी. सेक्टरांत घरें तितकींच आणि खाणारीं तोंडेंही तितकींच असतां ती वाढावी कशी? मग एक तर भाव हळूच चढतो, नाहीं तर दुकान बसतें. मोठी कंपनी असा तोटा शेंकडों दुकानांत वांटून सोसते. एका गाळ्याच्या धन्याला तें साधत नाहीं.

ही टूम कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत १८९६ सालीं स्पेरी आणि हचिन्सन ह्या कंपनीनें हिरव्या तिकिटांचा धंदा सुरू केला. दुकानदारानें तीं कंपनीकडून विकत घ्यावयाचीं व खरेदीबरोबर गिऱ्हाइकास द्यावयाचीं. गृहिणीनें तीं वहींत डकवून भरलेल्या वह्यांच्या बदल्यांत एखादी वस्तु घरीं न्यावयाची. पण शेजारचाही तिकिटें देऊं लागला कीं कोणाचेंच गिऱ्हाईक वाढेना. तिकिटांचा खर्च तेवढा पदरीं राहिला. १९७० च्या दशकांत अनेक दुकानांनीं त्यांचा नाद सोडला.

याच्या उलट इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं १८४४ सालीं विणकरांनीं व इतर कामकऱ्यांनीं मिळून दुकान काढलें. माल बाजारभावानें विकावयाचा आणि उरलेला नफा सभासदांच्या खरेदीच्या प्रमाणांत त्यांसच परत द्यावयाचा, हा त्यांचा नियम. मुंबईंत नायगांवच्या कामगारवस्तींत १९४८ सालीं निघालेली व पुढें ‘अपना बाजार’ या नांवानें वाढलेली ग्राहक संस्था याच सहकारी विचारांतली. अशा दुकानाचा परतावा हक्काचा असतो, कारण दुकानच गिऱ्हाइकांचें. पॉइंट पडले दुकानदाराच्या मर्जीचे; त्यांची मुदत केव्हां संपली हें आपणांस बहुधा ती संपल्यावरच कळतें.

एकत्र कुटुंबांत तर आणखी एक मौज होते. वाण्याच्या वहींतलें खातें घराच्या नांवें असे. सामान आजोबांनीं आणलें काय किंवा धाकट्या सूनबाईंनीं आणलें काय, तें एकाच पानावर चढे. पॉइंट मात्र नंबराला चिकटतात. खरेदी थोरल्या जाऊबाईंची, नंबर चिरंजीवांचा, आणि जमलेल्या पॉइंटांचें आइस्क्रीम चिरंजीवांच्या मित्रमंडळींत संपतें! शिवाय घरांत काय येतें, कोणाला साखर वर्ज्य झाली आहे, याचें टिपण त्या नंबरापुढें आयतेंच साठतें. गिऱ्हाइकावर नंबराची सक्ती करूं नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २०२३ सालीं दुकानदारांना दिली आहे. तेव्हां नाहीं म्हणावयास संकोच नको.

मग लहान वाण्यानें गिऱ्हाईक राखावें कशानें? तुर्भ्याचा घाऊक बाजार त्याला जवळ आहे. सांगितलेला जिन्नस दुसऱ्या दिवशीं आणून देणें, किडके गहूं कुरकुर न करितां परत घेणें, तिसऱ्या मजल्यावरील वृद्धांकडे पिशवी पोंचविणें, हीं कामें त्याच्या हातचीं आहेत. सूट द्यावयाचीच तर महिन्याचें सामान एकदम रोखीनें नेणाऱ्यास ती बिलांतच उघड द्यावी. त्यांत त्याचा वेळ वांचतो आणि उधारी बुडण्याचें भय उरत नाहीं, म्हणून ती त्याला परवडतेही. दिवाळीच्या भाजणीचें सामान आणावयास जाल तेव्हां विचारून पाहावें: कार्ड राहूं द्या, तांदूळ, हरभराडाळ नि उडीदडाळ मिळून दहा किलो रोख घेतलें, तर भाव काय लावाल?