थांब्यावरचा संसार

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला भेटेल तो रस्त्याविषयी विचारतो. खड्डे किती आहेत, घाट कसा आहे, ट्रकवाले अंगावर येतात का, एक ना दोन. थांब्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. थांबा म्हणजे विसावा. त्यात विचारायचे ते काय! पण दहा वर्षांच्या भटकंतीनंतर मी वाचकांना शपथेवर सांगतो, की चालत्या गाडीवर माझे आजवर काहीही हरवलेले नाही. जे हरवले ते सारे थांब्यावर.

कऱ्हाडच्या अलीकडे एका टपरीवर चष्मा राहिला. निपाणीला डाव्या हाताचा मोजा गेला. उजवा अजून घरी आहे आणि कुटुंबाच्या दृष्टीने तो माझ्याविरुद्धचा पुरावा आहे. एकदा तर खुद्द किल्लीच हरवली. आम्ही चौघांनी वीस मिनिटे खिसे उलटे केले, बाकाखाली वाकून पाहिले, एकमेकांवर संशयही घेऊन झाला. शेवटी टपरीवाला म्हणाला, "सायेब, गाडीलाच हाय न्हवं!"

असे का होते? चालत्या गाडीवर प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे बांधलेली असते. गाडी थांबली, की हेल्मेट, हातमोजे, किल्ली, चष्मा, मोबाइल, पाकीट अशी सगळी मंडळी एकदम मोकळी सुटतात. त्यांना धरायला हात दोनच. कानात अजून वारा घोंघावत असतो, पाठ आखडलेली असते आणि मन तर केव्हाच चहाच्या कपात उतरलेले असते. अशा वेळी माणूस वस्तू ठेवीत नाही, टाकतो.

रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाचे मोटारसायकलच्या प्रवासावरचे पुस्तक १९७४ साली निघाले. तत्त्वज्ञानाचे पुस्तक म्हणून ते गाजले; पण त्यात बरोबर घ्यायच्या सामानाची चक्क यादी आहे. कपडे, खासगी वस्तू, स्वयंपाकाचे व मुक्कामाचे सामान, गाडीची हत्यारे. एवढा मोठा विचारवंत पाने मोजीत बसतो हे वाचून मला धीर आला. मी ते पान मोठ्या ऐटीने सौभाग्यवतीला वाचून दाखविले. ती म्हणाली, "ही झाली निघतानाची यादी. वाटेत थांबाल तेव्हाचं काय?"

तिच्या या प्रश्नाला कारण होते. गेल्या वर्षी भाद्रपदात तिचे थोरले बंधू, म्हणजे आमचे मेहुणे, माझ्याबरोबर गोव्याला यायचे म्हणत होते. गाडी ते उत्तम चालवितात. पण बारा वर्षे त्यांना मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. डॉक्टरांनी परवानगी दिली. बहिणीने दिली, पण अटींवर.

तिने चार रंगांच्या पिशव्या शिवल्या. तांबडीत हत्यारे, निळीत पावसाळी कपडे, पांढरीत कागदपत्रे आणि पिवळीत औषधे. दोन्ही गाड्यांना तोच संच, त्याच जागी. पिवळी पिशवी डाव्या बाजूच्या थैलीत, अगदी वर. डावीच का, तर आमच्या गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे आणि इन्सुलिनला उष्णता सोसत नाही. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो; उजवी थैली उघडायला गेले, की पाठ वाहनांकडे होते. इतका विचार मी गाडी घेतानाही केला नव्हता.

मग नियम. गाडी स्टँडवर लावली, की आधी किल्ली काढून उजव्या छातीच्या खिशात घालायची. हातमोजे हेल्मेटच्या आत ठेवायचे. मोज्यांना हात लावल्याशिवाय हेल्मेट डोक्यावर चढतच नाही. वाटखर्चाचे पैसे वेगळे, पाकीट वेगळे. पेट्रोलसाठी पाकीट उघडायचेच नाही. चहा सांगण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून टायर, साखळी आणि सामानाचे पट्टे पाहायचे. निघताना चार पावले गेल्यावर मागे वळून बाकाकडे एकदा बघायचे. आणि पिशवीतून काढलेली वस्तू त्याच पिशवीत परत गेल्याशिवाय दुसरी काढायची नाही.

"अगं, आम्ही काय पलटणीत भरती झालोय?" मी वैतागून म्हणालो. "चार दिवस मोकळं फिरावं म्हणून तर निघतो!"

"रात्री दिवे गेले तरी मला काळोखात जिऱ्याचा डबा सापडतो," ती म्हणाली. "आणि मी आजारी पडले तर तुम्हालासुद्धा सापडावा, म्हणून तो रोज तिथेच असतो."

या वाक्यातला पुढचा अर्धा भाग मी तेव्हा ऐकला नाही.

पहिला मुक्काम कोल्हापूरला झाला. दुसऱ्या दिवशी निपाणी, आजरा असे करीत आंबोलीकडे निघालो. पावसाने दोनदा आडोशाला उभे केले. आजऱ्याला साडेबारा वाजले होते. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, दोन घास खाऊन घेऊ." मी घड्याळ पाहिले, आभाळ पाहिले आणि म्हणालो, "आंबोलीतच जेवू की. किती लांब आहे!" ते भिडस्त. गाडीला किक मारून माझ्यामागे निघाले.

पुढे धुके इतके दाटले, की माणूस चालत लवकर पोहोचला असता. आंबोलीत एका टपरीसमोर थांबलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मेहुणे उतरले आणि हेल्मेटच्या पट्ट्याशी झटू लागले. पट्टा सुटेना. मी मदतीला गेलो तर कधी नव्हे ते माझ्यावर खेकसले, "मला काही झालेलं नाही!" गार वाऱ्यात त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. बोटे थरथरत होती. डोळे माझ्याकडे होते, पण मला पाहत नव्हते.

सकाळच्या इन्सुलिनने आपले काम चोख केले होते. दुपारचे जेवण मात्र मी पुढे ढकलले होते. रक्तातली साखर उतरली, की घाम, थरथर, चिडचिड आणि गोंधळ हीच तिची पावले. ते डोलू लागले तसे मी त्यांना दोन्ही हातांनी धरले. आता थैली कोण उघडणार? मी टपरीवरच्या मावशींना ओरडून सांगितले, "माझ्या गाडीची डावी थैली! अगदी वर पिवळी पिशवी आहे!"

त्या बाईंनी माझी गाडी आयुष्यात प्रथमच पाहिली होती. पण पिशवी आणायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही.

आत ग्लुकोजचा डबा, चमचा, साखर मोजण्याचे यंत्र आणि एक कार्ड होते. कार्डावर कुटुंबाच्या अक्षरात मेहुण्यांचे नाव, रक्तगट, औषधे, घरचा फोन, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक आणि खाली सूचना होती: "शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये."

यंत्राने ५४ दाखविले. सत्तरच्या खाली आकडा गेला, की साखर द्यायची वेळ झाली असे समजतात. मावशींनी ग्लुकोज कालवून दिले. ती १५ मिनिटे मी कोणत्याही घाटात अनुभवली नव्हती इतकी लांब होती. मग आकडा ८८ वर आला, मेहुण्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि ओशाळून विचारले, "मी काही बोललो का हो तुम्हाला?"

मी मान हलवून नाही म्हटले. खरे तर बोलायला हवे होते ते त्यांनीच, आणि आजऱ्यालाच. वरण-भात खाऊन झाल्यावर त्या दिवशी पुढे जायचे नाही असे मी ठरविले आणि तिथेच खोली घेतली.

वस्तू जागच्या जागी ठेवायची ती आपल्याला सापडावी म्हणून, असे मी जन्मभर समजत होतो. आपल्याला काय, उशिरा का होईना सापडतेच. ती ठेवायची दुसऱ्याच्या हाताला सापडावी म्हणून. आपले हात गुंतलेले असतील किंवा चालत नसतील त्या वेळेसाठी. आमच्या स्वयंपाकघरातला जिऱ्याचा डबा वीस वर्षे हेच सांगत होता.

संध्याकाळी घरून फोन आला. मी सारे सांगितले. आजऱ्याचेही लपविले नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. आता काय ऐकावे लागते या विचाराने मी श्वास रोखून बसलो. मग ती हळूच म्हणाली, "दादा जेवला ना नीट?"

"जेवला."

"आणि पिवळी पिशवी परत जागेवर ठेवलीत का?"

मी फोन तसाच कानाला धरून उठलो आणि टपरीकडे चालू लागलो.