उरलेले चार का चुकले?

पर्यायांतून उत्तर निवडायचे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, असा समज विद्यार्थ्यांत आहे आणि शिक्षकांतही आहे. असे प्रश्न मुलांना विचार करू देत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. उत्तराचे अक्षर कळले की आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो, खरा दोष तेथे आहे.

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते. त्याच्या प्रवेशासाठी १९४८ पासून 'लॉ स्कूल अॅडमिशन टेस्ट' घेतली जाते. गंमत अशी, की तीत कायद्याचे एक कलमही विचारत नाहीत. ऑगस्ट २०२४ पासून तिच्या गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन निव्वळ तर्काचे आहेत. एक छोटा युक्तिवाद, त्याखाली एक प्रश्न आणि पाच पर्याय. त्याच धर्तीवर रचलेला हा नमुना पाहा.

'सर्दी झालेल्या १०० जणांना एक नवे औषध दिले. आठवड्यात त्यांपैकी ९० जण बरे झाले. म्हणून हे औषध सर्दीवर गुणकारी आहे.' हा निष्कर्ष कोणत्या गृहीतावाचून उभा राहू शकत नाही?

(अ) या औषधाने पोटाला त्रास होत नाही.
(ब) औषधावाचून सर्दी आठवड्यात कोणाचीच बरी होत नाही.
(क) औषध घेतले नसते, तर त्या १०० पैकी आठवड्यात बरे होणारे ९० हून कमी असते.
(ड) हे औषध इतरांपेक्षा स्वस्त आहे.
(इ) उरलेल्या १० जणांनी औषध वेळेवर घेतले नव्हते.

अ आणि ड लगेच गळतात. ती विधाने खरी असतीलही. पण औषध गुणकारी आहे की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. खरी झुंज ब आणि क यांची. ब वाचताच पुष्कळ विद्यार्थी मान डोलावतील, कारण तो निष्कर्षाच्या बाजूने जोरात बोलतो. येथे एक साधी कसोटी लावावी. पर्याय उलटा करून पाहायचा आणि युक्तिवाद कोसळतो का ते तपासायचे. ब उलटा केला, तर 'औषधावाचूनही काही जण बरे होतात' असे होईल. समजा, असे ४० जण आहेत. तरी ९० हे ४० पेक्षा जास्तच. युक्तिवाद शाबूत राहिला. म्हणजे ब गरजेपेक्षा जास्त मागतो. आता क उलटा करा: औषध न घेताही निदान ९० जण बरे झालेच असते. मग औषधाने केले काय? निष्कर्ष जागीच बसला. उत्तर क.

सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते, हे ठाऊक असलेल्याला ही शंका लवकर येईल. प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट ठेवतात, तो याच शंकेसाठी. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टराने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. बाकीच्या पाच जोड्या नसत्या, तर तिच्या सुधारण्याला फारशी किंमत उरली नसती.

परीक्षेत एवढा खल करायला वेळ कोठून आणायचा, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. या परीक्षेत सुमारे २५ प्रश्नांना ३५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही नाही. म्हणून हे काम वर्गातच व्हायला हवे. शिक्षकांनी तासाला वीस प्रश्न उरकण्याऐवजी दोनच घ्यावेत. बरोबर पर्यायाला एक गुण द्यावा आणि उरलेला प्रत्येक पर्याय का टाकला, याच्या कारणाला एकेक. ज्याने ठोकून उत्तर दिले, त्याला पाचांपैकी एकच गुण मिळेल.

आणि इ? तो येथे मुद्दामच सोडवलेला नाही. उलटा करून पाहा.